गालावरच्या रेघा

नाणं तिसऱ्या खुर्चीपर्यंत आलं, तोवर डेलियाने आपलं वाक्य मनात घोटून घोटून धारदार केलं होतं.

खानावळीच्या मागच्या खोलीत नाणेसंग्राहक मंडळाची ही जुनी रीत होती. सभासद गेला की त्याचं सर्वांत लाडकं नाणं मखमलीच्या तबकातून टेबलाभोवती फिरायचं. ज्याने त्याने ते कडेला धरून उचलायचं, भिंगातून पाहायचं आणि एकच वाक्य बोलायचं. आज डेलियाच्या वडिलांचं, ऑर्विल स्टॉफरचं नाणं फिरत होतं. १७९५ सालचं, फिलाडेल्फियाच्याच टाकसाळीतलं, दहा डॉलरचं, सोन्याचं. गरुडाच्या पायांखालच्या फांदीला एरवी तेरा पानं असतात. हे ज्या ठशातून निघालं त्यावर कोरणाऱ्याने नऊच काढली होती. त्या चार नसलेल्या पानांपायी आपले वडील आयुष्यभर घराबाहेर राहिले, असं डेलियाचं मत होतं.

"ऑर्विलला मी सूपमधलीसुद्धा पानं मोजताना पाहिलंय," विल्मा ट्रेक्सलर म्हणाली. सगळे हसले. डेलिया हसली नाही.

पुढच्याने भिंग डोळ्याला लावलं. नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या गालावर चार समांतर रेघा होत्या. "टाकसाळीचीच कानस," तो गंभीरपणे म्हणाला. त्याच्या शेजारचाही तेच म्हणाला. वजनाला जास्त भरलेली चकती ठसा मारण्याआधी कानशीने घासत, त्या या खुणा, असं तिचे वडील सांगत आले होते. ते एवढ्या हट्टाने सांगत की नाणं तपासून घ्यायला त्यांनी कुणालाही दिलं नाही.

कानस नव्हतीच ती. जेवणाचा काटा होता. ज्या दिवशी ऑर्विल हे नाणं घ्यायला लिलावात बसले होते, त्या दिवशी डेलियाची आई, लोइस, ऑपरेशननंतर एकटी टॅक्सीने घरी आली होती. संध्याकाळी ते नाणं टेबलावर ठेवून हात धुवायला गेले, आणि तिने ताटाशेजारचा काटा उचलला. मग ती त्यांच्या ओरडण्याची वाट पाहत बसली. ते आले, भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले, आणि म्हणाले की टाकसाळवाल्यांनी हे जरा जास्तच घासलंय. नंतर विचारलं, बटाटे आणखी आहेत का.

ही गोष्ट आई पुढे हसत सांगायची. बायको दिसत नाही ते एक वेळ ठीक, म्हणायची, पण या माणसाला नाणंही दिसत नाही. दरवर्षी मंडळाच्या जेवणाला ती याच टेबलाशी बसायची, सगळ्यांच्या तोंडून ती कानस ऐकायची आणि घरी येऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. शेवटच्या आजारात मात्र एकदा म्हणाली होती, एकदा ओरडला असता तरी चाललं असतं.

तबक डेलियासमोर आलं. तिने नाणं उचललंच नाही.

"या रेघा माझ्या आईने काट्याने ओढल्यात," ती म्हणाली. "आणि बाबांना मरेपर्यंत कळलं नाही."

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या हर्शेल लुट्झने नाणं आपल्या बोटांत धरलं आणि भिंग तिच्या हातात दिलं.

"बघ, पोरी. कानस आधी चालते, ठसा नंतर पडतो. म्हणजे कानशीची रेघ ठशाखाली दबून बोथट होते. ही वर आहे. दोन्ही काठांना सोनं उभं राहिलंय. नवशिक्यालाही कळेल. मला हे तुझ्या बापानेच शिकवलं. आणि त्या दिवशी लिलावात मीही हे हातात घेतलं होतं. गाल स्वच्छ होता."

डेलियाने भिंग खाली ठेवलं. "मग तुम्ही सगळे काय नाटक करत होतात?"

"त्याने हात जोडून सांगितलं होतं. लोइससमोर आणि तुझ्यासमोर कानसच म्हणायचं."

"ती वाट पाहत होती," डेलियाचा आवाज चढला. "बाबांनी ओरडावं म्हणून. इतकी वर्षं."

"मीही विचारलं होतं त्याला, बोलत का नाहीस," हर्शेल म्हणाला. "तो म्हणाला, मला कळलंय म्हटलं तर ती माफी मागेल. आणि माफी मागायची पाळी माझी आहे."

"मग मागितली का नाही?"

हर्शेलने नाणं परत तबकात ठेवलं. विल्मा सुरीने ब्रेडला उगाच लोणी लावत राहिली. डेलियाने टेबलाभोवती एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिचा राग जो वर आला तो बोलण्याच्या पलीकडचा होता. ऑर्विल स्टॉफरला आपल्या बायकोचा राग दिसला होता, हे या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते जगात दोघींनाच, आईला आणि तिला, आणि त्या त्याच्या घरात राहत होत्या.