समोरची हिरवी इमारत

हिवाळ्यात सकाळचं ऊन आमच्या खिडकीतून आधी फरशीवर उतरत असे, तिथे थोडं रेंगाळत असे, आणि मग खुर्चीच्या पायांवरून हळूहळू चढत बाबांच्या दुखऱ्या गुडघ्यांवर येऊन बसत असे. यंदा ते रस्त्यापलीकडेच थांबतं, नव्या बारा मजली इमारतीच्या गच्च्यांवरल्या झाडांत. ती इमारत मी आखली. शहरातली सर्वांत हिरवी इमारत म्हणून तिला पुरस्कारही मिळाला.

"दहा वाजले तरी उन्हाचा पत्ता नाही. हवामानच फिरलंय रे," बाबा गुडघ्यांवर शाल ओढत म्हणाले.

"हवामानाला कशाला बोल लावता?" आई हसली. "लेकानं लावलेली झाडं बघा, डोळे निवतील."

"डोळे निवले गं, पण गुडघे गारठले त्याचं काय? काय रे, हवामानच ना?"

"हो बाबा, हवामानच," मी म्हणालो.



मंजुरीच्या नकाशांत मी इमारतीची फक्त उन्हाळ्यातली सावली दाखवली होती. हिवाळ्यातलीही आखून पाहिली होती, आणि ती आमच्याच घरावर पडत होती.