टेबल सरकवणारा

स्वतःच्याच खोलीचं दार वाजवावं की सरळ किल्ली लावावी, हे त्याला ठरवता येईना. दुपारचे साडेबारा वाजले होते. तीन वर्षांत या वेळी तो इथे कधी उभाच राहिला नव्हता. काखेत बिस्किटांचा पुडा होता. आत रात्रपाळी झोपलेला असणार.

रात्रपाळी हे काही त्याचं नाव नव्हे. नाव विचारायची वेळच आली नव्हती. खोली एक, पलंग एक, भाडेकरू दोन. हा विषाणूंवर संशोधन करणारा. सकाळी आठला प्रयोगशाळेत जाई, रात्री आठला परत येई. दुसरा वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्री राबणारा. सकाळी नऊला येऊन झोपे, संध्याकाळी सहाला निघून जाई. रविवारीही हा प्रयोगशाळेतच बसे, कारण रविवारी दिवसा घरी असायची पाळी त्याची नव्हती. हे सगळं घरमालकीण मावशींनी जुळवलं होतं. भांडणाचा प्रश्नच येत नाही, असं त्यांचं म्हणणं. भांडायला दोघं समोरासमोर लागतात.

खोलीत काही बदलायचं तर मात्र दोघांची संमती लागे, आणि ती न बोलता मिळे किंवा न बोलता नाकारली जाई. त्याने दिवा बदलला, तो टिकला. आरसा खाली आणला, तोही टिकला. मोठ्या टिकटिकीचं घड्याळ आणलं, ते तिसऱ्या दिवशी दोन टॉवेलांत गुंडाळून कपाटात निजवलेलं सापडलं. आणि टेबल. ते तो रोज रात्री खिडकीशी ओढून नेई. वाऱ्यासाठी, असं स्वतःला सांगे. सकाळी तिथेच सोडून जाई. तिथे टेबल असलं की पडदा धड लागत नसे आणि दिवसा पलंगावर ऊन येई. रात्री परत यावं तर टेबल भिंतीला. तीन वर्षं, एकही दिवस न चुकता.

बाकी दिवसभरात त्याच्याशी कोणी फारसं बोलत नसे. प्रयोगशाळेतला फ्रीजर मध्येच घुरघुरे. त्याला तो "हो ना" म्हणे.

संशोधनही नशिबाने त्याच चालीचं निघालं. विषाणूकडे जागा फार कमी. म्हणून काही ठिकाणी एकाच अक्षरमालेत दोन जनुकं दाटीवाटीने राहतात. तीन-तीन अक्षरांचे गट पाडून वाचलं की एक जनुक, सुरुवातीचं एक अक्षर सोडून तसंच वाचायला घेतलं की दुसरं. पंचाईत अशी की एखादं अक्षर बदललं तर पहिल्याला त्याचं सोयरसुतकही नसतं, पण दुसरं त्यात मरतं. मग तो विषाणूही वंश न ठेवता संपतो, आणि त्याच्याबरोबर तो बदलही. नैसर्गिक निवड चिठ्ठी लिहून ठेवत नाही. नुसतं टेबल जागेवर नेऊन लावते.

त्याने हजारो नमुने ताडून पाहिले होते. दोनशे अक्षरांचा एक तुकडा असा होता की तिथे निरुपद्रवी बदल ढिगाने सापडायला हवे होते. एकही नव्हता. म्हणजे त्या तुकड्यात कोणीतरी दुसरं राहतं. सकाळी हे त्याने प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगितलं, आणि पटावं म्हणून टेबलाची गोष्टही सांगितली.

मॅडमनी दोन्ही शांतपणे ऐकून घेतलं. बदल टिकत नाहीत हे त्यांना मान्य होतं. पण ती अक्षरांची साखळी स्वतःवर दुमडून नुसता आपला आकार सांभाळत असेल, तरीही अक्षरं अशीच अडकून राहतील, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या जनुकाचं प्रथिन दाखवल्याशिवाय काही खरं नाही.

"आणि तुझ्या त्या रूममेटला तरी तू कधी पाहिलंयस का रे?"

मॅडम हसल्या होत्या. तो मात्र तसाच उठून निघाला होता. त्या दुसऱ्या जनुकाचं एक वेळ नंतर पाहता आलं असतं. पण खोलीत कोणी नसेल, तर मग आपलं म्हणावं असं कुठेच कोणी नव्हतं.

त्याने किल्ली लावली.

पलंग रिकामा होता. चादर त्याने सकाळी घातली तशीच, सुरकुती न पडलेली. खोलीच्या मधोमध मावशी टेबलाला पाठ लावून ते भिंतीकडे रेटत होत्या. गुडघ्यांपायी गच्चीवर जायचं सोडून दिलेल्या मावशी, दोन जिने चढून.

"आयता आलायस तर तिकडून धर," त्या म्हणाल्या.

त्याने धरलं. टेबल भिंतीला लागलं. मग त्याने रात्रपाळीचं विचारलं. मावशी म्हणाल्या, छापखाना बंद पडला, तो गेला, त्याला आता सव्वा वर्ष होईल. मग दिवसाला दुसरा कोणी का नाही ठेवला? तर नवा माणूस टेबल कुठे लावेल याचा भरवसा काय, असं त्यांनी उलट विचारलं.

सव्वा वर्ष तो रोज सकाळी धावतपळत खोली मोकळी करत होता. दमून आलेल्या माणसाला दारात ताटकळायला लागू नये म्हणून.

"पण तुम्ही का सरकवता मावशी?"

मावशी पलंगाच्या कडेवर टेकल्या. गुडघा चोळत राहिल्या.

"मला काय हौस आहे? जाताना तो शपथ घालून गेला. म्हणाला, मावशी, टेबल तेवढं रोज भिंतीला लावत जा. त्या खिडकीतून वारा येतच नाही. तो माणूस टेबल ओढून नुसतं बघतो, इथे कोणी आहे का."