मावशी आली

"मावशी कुठे आहे?" फौजदार झेप्का यांनी तिसऱ्यांदा विचारले. कालिनाने ओठ इतके घट्ट मिटले की तिची हनुवटी थरथरू लागली. मघाशी बाल्कनीत उभे राहून तिने जर्मनीत ट्रक हाकणाऱ्या नवऱ्याला फोनवर ओरडून सांगितले होते, "विटोल्ड, मावशी आली!" त्याने पलीकडून आनंदाने भोंगा वाजवला होता. ती आरोळी आणि त्यामागून झालेला नाच खालच्या मजल्यावरच्या बाईंनी ऐकला आणि पोलिसांना कळवला.

पोलंडमधल्या या राडोम शहरात मावश्या दोन. एक महिन्याच्या महिन्याला येते. पाळी आली हे सांगायला बायका तिचेच नाव घेतात. दुसरी अडलेल्या बाईला गर्भ पाडायच्या गोळ्या पोचवते, आणि सरकार तिच्या मागावर असते. झेप्कांना फक्त दुसरीच ठाऊक होती.

कालिनाकडे आली होती ती पहिली. गेल्या वर्षी पोटातले मूल जगणार नाही हे कळूनही डॉक्टर गर्भपातबंदीच्या कायद्याच्या भीतीने हातावर हात ठेवून थांबले होते, आणि ती तापाने फणफणत मरणाच्या दारातून परतली होती. पुन्हा दिवस गेले तर? या एका प्रश्नावर तिची झोप अडकून राही. या खेपेला मावशीने फार उशीर केला, आणि आज सकाळी आली. म्हणून टेबलावर खसखशीचा केक होता, चेरीची लालभडक दारू होती, आणि नणंद झिटा कारण नसताना हसत सुटली होती.

झेप्कांनी कपाट उघडले. पलंगाखाली वाकून पाहिले.

"तिथे मावणार नाही ती," झिटा म्हणाली.

"थट्टा नको. मावशी न सापडल्यास दोघींना ठाण्यावर यावं लागेल. कधी येते ती?"

"दर महिन्याला, साहेब," कालिना म्हणाली.

"सोबत काय आणते?"

"पोटदुखी."

"राहते किती?"

"चार-पाच दिवस. जरा चिडकी आहे."

"आणखी कुणाकडे जाते?"

"घरोघर. मंत्र्यांच्या घरीसुद्धा."

दाराशी उभी असलेली तरुण पोलीस लिद्का छताकडे एकाग्रतेने पाहत होती. तिचे खांदे हलत होते.

"लिद्का, ऐकलंस? मंत्र्यांच्या घरी."

"ऐकलं, साहेब," लिद्का कशीबशी म्हणाली. "माझ्याकडे परवाच येऊन गेली."

मग झिटाच्या हसण्याचा बांध फुटला. कालिना खुर्चीची पाठ धरून खाली बसली, आणि हसू जरा ओसरल्यावर तिने फौजदारांना मावशी म्हणजे काय ते अगदी साध्या शब्दांत सांगितले.

झेप्का आधी कानापर्यंत लाल झाले. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले, आणि तो आडदांड माणूस पोट धरून हसू लागला. "आम्ही पाच भाऊ," ते डोळे पुसत म्हणाले, "आम्हाला कोण सांगणार?" त्यांनी केकचा तुकडा घेतला. चेरीच्या दारूला नको म्हटले, मग घेतली. लिद्का हसत हसतच गाडी काढायला जिना उतरली. सरकार आपल्या स्वयंपाकघरात बसून बोटांना लागलेली खसखस चाटते आहे, हे पाहून कालिनाला वर्षभराचे ओझे पिसासारखे उडून गेल्यागत वाटले.

झेप्का दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

"बायको गेल्यापासून घरात मी आणि माझी लेक, दोघंच," ते पाठमोरेच म्हणाले. "सतरा वर्षांची आहे. आठवडाभर रडतेय. मैत्रिणीला फोनवर सांगत होती, मावशी अजून आली नाही म्हणून. मला वाटलं, तिची सख्खी मावशी. मी तिला म्हटलं, वेडे, रडतेस काय, गाडी चुकली असेल, उद्याच्या गाडीने येईल."

झिटाने हातातला पेला हळूच टेबलावर ठेवला.

झेप्कांनी डोक्यावरची टोपी काढली, दाराला आतून कडी घातली, आणि चौथ्यांदा, अगदी हलक्या आवाजात विचारले, "बाई, मावशी कुठे आहे? दुसरी."