टवका

एकाच निळ्या अ‍ॅक्रिलिकच्या कांडीतून दोन पेनं कातायची होती. पहिलं बिनबोभाट उतरलं; दुसऱ्याचा लेथवर टवका उडाला, तेव्हा कारागिराने मनोमन ठरवून टाकलं, धड पेन लेकीला, हे सुनेला. सून मात्र टॉर्च घेऊन लेथखाली रांगत होती. "सापडला, बाबा!" नखाएवढा तो टवका त्याने सुपरग्लूने चपखल बसवला, घासला, चकचकीत केला. दोन्ही पेनं फडक्यावर टाकून तो हात धुऊन आला, बघतो तर काय, जुळी भावंडं! उजेडात धरली, नख फिरवलं, भिंग लावलं. सांधा काही सापडेना. आता लेकीला कुठलं द्यायचं? त्याचं डोकं चक्रावलं. तेवढ्यात सून टॉर्च ठेवायला आली. "बाबा, ते सांधलेलं पेन मला हं! टवका मीच शोधलाय ना!" तो एकदा या पेनाकडे, एकदा त्या पेनाकडे बघत राहिला, तिच्याकडे मात्र बघवेना.