सदूची पाखरं

वीर स्टेशनावर उतरून सुधीर आंबेनळीच्या वरच्या वाडीत तुळजाबाईकडे आला. तिचा लेक सदू आणि तो एकाच जहाजावर होते. लांबच लांब दोराला हजारो गळ लावून तिथं मासे धरत. आमिषावर झेपावणारी पाखरं गळात अडकून बुडायची, म्हणून सदूनंच कप्तानाच्या मागे लागून जहाजामागे रंगीत फिती सोडायला लावल्या. पाखरं बुजून लांब राहू लागली.

"त्या दिवशी वाऱ्यानं फिती तुटल्या, आये. एक पाखरू अडकलं. ते सोडवायला सदू वाकला नि लाटेनं त्याला नेलं."

तुळजाबाईनं विचारलं, "पाखरू तरी वाचलं काय रे?"

दोर ओढला तेव्हा पाखरू मेलेलंच वर आलं होतं.

"उडालं गो आये," सुधीर म्हणाला.