कळपातली म्हातारी

“ही पडणार,” पडद्याकडे बघत बाई म्हणाल्या.

पडद्यावर परग्रहावरच्या प्राण्यांच्या कळपातली एक म्हातारी माळ ओलांडत होती. मागे दोन जाडजूड पाय, आणि छातीतून निघालेला तिसरा लांब पाय, हवा त्या बाजूला टेकवता येणारा. मागचा उजवा पाय जखमी. सिनेमात तिला चाळीस सेकंद चालायचं होतं, आणि आज ही चाल पास झाली नाही तर उद्यापासून म्हातारी दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जाणार होती. तिला संगणकावर हाडांपासून कातडीपर्यंत घडवणाऱ्याला ऑफिसात सगळे ब्रह्मदेव म्हणत. म्हणत चेष्टेनेच, पण त्याला ते मनातून आवडायचं.

चाल पास करणाऱ्या या बाईंनी सिनेमात येण्याआधी वीस वर्षं गुरांची डॉक्टरकी केली होती. प्राण्याला शिंगं किती नि डोळे कुठे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. वजन कुठे पडतं तेवढंच त्या बघत. दुखरा पाय उजवा, मग ही टेकूचा पायही उजवीकडेच का टाकते, असं त्यांनी विचारलं. सगळा भार दुखऱ्या पायावर येतोय. टेकू डावीकडे हवा.

ब्रह्मदेवाचा पारा चढला. ही चाल त्याने मनाने रचलेली नव्हती. त्याच्या आईचा उजवा गुडघा वर्षभर दुखत होता. रोज सकाळी ती काठी घेऊन आवारात फेऱ्या मारायची आणि तो वरच्या खिडकीतून चित्रण करायचा. तीन आठवडे, एक दिवस खाडा नाही. पाऊल, खांदा, मानेचा झोक, सगळं त्याने जसंच्या तसं उतरवलं होतं. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

“जिवंत माणसावरून घेतलंय,” तो म्हणाला. “चुकेल कसं?”

“मग ते माणूस चुकीचं चालतंय. आणि उगाच कुणी चुकीचं चालत नाही. कारण सांग, चाल अशीच ठेवू. नाहीतर संध्याकाळपर्यंत बदल.”

घर दोनच गल्ल्या पलीकडे होतं. जेवणाच्या सुट्टीत तो तडक आईपुढे जाऊन उभा राहिला. तिला उठवलं, तिच्या उजव्या हातातली काठी काढून डाव्या हातात दिली आणि पोराला शिकवावं तसं समजावून सांगितलं. आई फाटकापर्यंत जाऊन आली. पाऊल हलकं पडत होतं. कण्हणं नाही, खांदा कलणं नाही. इतके दिवस आपण तिचं दुखणं नुसतं मोजत बसलो आणि तिला साधी काठीची बाजू सांगितली नाही, याची त्याला फार लाज वाटली.

आईने कौतुकाने मान हलवली आणि काठी पुन्हा उजव्या हातात घेतली.

“अगं, आत्ताच सांगितलं ना? डॉक्टरांनी नाही का हे सांगितलं?”

“सांगितलं की, पहिल्याच दिवशी,” आई म्हणाली. “पण तू रोज खिडकीत उभा दिसतोस. वाटतं, आज खाली येशील. लहानपणापासून तू माझा डावाच हात धरून चालायचास. काठी त्या हातात घेतली, तर तू आल्यावर धरायला हात कुठला उरणार?”