फोनवरचं नाव

"आज तू मागेच बस," साहेब म्हणाले. "आजी आत्ता येतील. त्या जाईपर्यंत पुढे फिरकू नकोस म्हणजे झालं."

बुलबुलने मान डोलावली. वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत ती तक्रारींचे फोन घ्यायची. आवाज असा गोड, की तावातावाने भांडायला आलेला माणूस फोन ठेवताना आभार मानायचा. म्हणून ऑफिसात सगळे तिला बुलबुलच म्हणायचे. पण रंग काळाभोर, केस घट्ट कुरळे, आणि पणजोबा कधीकाळी बोटीने समुद्रापलीकडून आलेले. तिचं खरं नाव ऐकलं की लोक म्हणायचे, "दुसऱ्या कुणाला द्या हो." त्यावर साहेबांनी पहिल्याच दिवशी उपाय काढला होता. त्यांनी तिला फोनवर सांगायला एक वेगळं नाव दिलं. छान, गोरंपान नाव.

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. फोन करणाऱ्याचं नाव 'त्यांच्यातलं' वाटलं, की "उद्या माणूस येईल" म्हणायचं आणि तक्रार बाजूला ठेवून द्यायची. "ती माणसं कटकट करत नाहीत. बिचारी वाट बघत बसतात," साहेब म्हणाले. 'त्यांच्यातलं' म्हणजे समोर बसलेल्या या पोरीच्यातलंच, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बुलबुलला ते पटलं नाही. पण घरात मिळवणारी ती एकटी. ती "उद्या माणूस येईल" म्हणायला लागली, आणि मग त्याचं काही वाटेनासं झालं.

आजींचं तसं नव्हतं. त्यांनी नाव सांगितलं तेच असं अस्सल इथलं, की बुलबुलने दुपारीच माणूस पाठवला. मशीन चालू झालं, पण आजींचे फोन काही थांबले नाहीत. कधी साबण किती घालू, कधी मोजे कुठे गायब होतात गं, कधी नुसतंच, "जेवलीस का?" बुलबुललाही त्यांचा लळा लागला होता. एकच गोष्ट खुपायची. "बरं झालं बाई, तू आपल्यातली भेटलीस," आजी मध्येच म्हणायच्या. "नाहीतर ती बाहेरून आलेली माणसं! धड बोलता तरी येतं का त्यांना?"

"हो ना, आजी," बुलबुल म्हणायची. तो 'हो ना' मग दिवसभर माशाच्या काट्यासारखा घशात अडकून राहायचा.

गेल्या आठवड्यात आजींनी थेट मोठ्या साहेबांना फोन लावून पोरीचं तोंडभरून कौतुक केलं. तिच्यासाठी मफलर विणलाय, स्वतः येऊन देणार, म्हणाल्या. वरून हुकूम आला की दोघींचा फोटो काढा आणि भिंतीवर लावा. ज्याचा फोटो भिंतीवर, त्याची बढती पक्की. त्याच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'इथे सगळे सारखे.'

आणि साहेबांनी फोटोसाठी शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या मुलीला उभं केलं.

"आवाज वेगळा वाटला तर घसा बसलाय म्हणून सांग," त्यांनी तिला पढवलं. त्या मुलीने ओशाळून बुलबुलकडे पाहिलं. साहेब बुलबुलला समजावत म्हणाले, "राग मानू नकोस. अगं, आजींना धक्का बसेल. त्यांच्या वयाचा तरी विचार कर."

बुलबुल काचेच्या दारामागे बसून राहिली. पुढे साहेब कॅमेरा घेऊन येरझाऱ्या घालत होते. "या आजी कुठे राहिल्या?" दारापाशी बाकावर एक काळी म्हातारी मघापासून बसून होती. डोक्याला रुमाल, त्यातून निसटलेले पांढरे कुरळे केस, मांडीवर पिशवी. सफाईच्या कामाचं विचारायला आली असेल, असं धरून कुणी तिची चौकशीच केली नव्हती. तिला खोकल्याची उबळ आली. साहेबांनी तोंड फिरवलं. म्हातारी खोकून खोकून वाकली, तरी कुणी जागचं हललं नाही.

बुलबुलची आजी अशीच खोकायची. काय माणसं आहेत ही! गेली बढती खड्ड्यात, असं मनाशी म्हणत बुलबुल उठली. ग्लासभर पाणी घेऊन ती सगळ्यांच्या देखत पुढे आली.

"आजी, पाणी घ्या. हळूहळू प्या हं."

म्हातारीने ग्लास घेतला आणि तिच्याकडे बघतच राहिली. "परत बोल बरं."

आता तो आवाज बुलबुलनेही ओळखला. "तुम्ही? पण... फोनवर तर तुम्ही म्हणायचात, बरं झालं मी आपल्यातली..."

"काय करू मग? नावही शेजारणीचं घेतलं आणि बोलायचेही तिच्यासारखीच. मला वाटलं, तशी बोलले नाही तर तू ओळखशील."

साहेबांच्या हातातला कॅमेरा तसाच राहिला. बुलबुलला हसू आलं आणि रडूही. म्हणजे ती एकटीच नव्हती तर! दोघी एकमेकींपासूनच लपत होत्या.

"बाई गं," ती म्हणाली, "पण शेजारणीचं नाव कशाला घ्यावं लागलं तुम्हाला?"

म्हातारीने पिशवीतून लाल मफलर काढला आणि तिच्या गळ्यात नीट गुंडाळला. म्हातारीच्या बोटांवर साबणाने सोलवटल्याच्या जुन्या खुणा होत्या.

"आधी माझ्या नावाने केला होता की फोन," ती शांतपणे म्हणाली. "तूच उचललास. 'उद्या माणूस येईल' म्हणालीस. इतकं गोड म्हणालीस बाळ, की मी अख्खा हिवाळा वाट बघितली."